घड्याळजी व्हा, पण यंदा नको

तुमचा मेल दोनदा वाचला, दुसऱ्यांदा कागदावर आकडे मांडत वाचला, कारण हिशोब तुम्ही बराच नीट केलाय पण सगळ्यात मोठा खर्चच त्यात धरलेला नाही. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत सांगते. वय ३४, दातांच्या लॅबमध्ये १२ वर्षं क्राउन-ब्रिज बनवताय, आता डिझाइन कॉम्प्युटरवर आणि कटिंग मिलिंग मशीनवर होतं त्यामुळे हाताचं काम दर वर्षी थोडं थोडं कमी होतंय, आणि तुम्हाला तर हाताचंच काम करायचंय. पारंपरिक घड्याळकाम शिकवणाऱ्या शाळेत दोन वर्षांच्या फुल टाइम कोर्सला सीट मिळालीये, शाळा घरून रोज ये-जा करता येईल इतकी जवळ आहे. आता एफडी मोडून फी भरू, की एज्युकेशन लोन घेऊ, की रिटायरमेंट फंडातून काढू, असं विचारलंय.

माझं उत्तर असं: शिका, मनापासून सांगते शिका, पण पुढच्या वर्षी. रिटायरमेंट फंडाला हात लावायचा नाही, यावर मी अजिबात मागेपुढे होणार नाही.

आता आकडे. रकमा लिहिण्याऐवजी मी सगळं घरखर्चाच्या महिन्यांत मोजते, म्हणजे महागाई वाढली तरी हिशोब फार हलत नाही. तुमच्याकडे एफडीत १८ महिन्यांचा घरखर्च आहे, म्युच्युअल फंडात ४ महिन्यांचा आणि रिटायरमेंट फंडात १० महिन्यांचा. कोर्सची फी ९ महिने, टूल्स ३ महिने. तुम्ही लिहिलंय की १८ मधून १२ गेले, ६ उरले, म्हणजे भागलं. पण घरखर्चाचे १० भाग धरले तर त्यातले ७ तुमच्या मिस्टरांच्या पगारातून येतात आणि ३ तुमच्या, आणि तुमचा पगार ५ भाग आहे म्हणून वरचे २ भाग शिल्लक पडतात. शाळेत गेलात की ते ३ भाग कुठून येणार? २४ महिने गुणिले ०.३ म्हणजे ७.२ महिने. शिवाय कोर्स संपल्या संपल्या दुसऱ्या दिवशी नोकरी लागत नाही, सहा महिने धरून ठेवा, ते १.८. फी आणि टूल्सचे १२ धरून सगळं मिळून २१. वर घरातलं आजारपण, नोकरीची गडबड यासाठी ६ महिन्यांचा खर्च बाजूला हवाच, कारण त्या काळात घरात कमावणारा एकच माणूस असणार. एकूण लागणार २७ आणि एफडी अधिक म्युच्युअल फंड मिळून आहेत २२. म्हणजे ५ महिन्यांची तूट, आणि ही तूट पहिल्या वर्षी जाणवणार नाही, ती दुसऱ्या वर्षाच्या मधोमध समोर उभी राहील, जेव्हा कोर्स सोडताही येत नाही आणि पुढे ढकलताही येत नाही.

आणखी एक गोष्ट जी ऐकायला आवडणार नाही. हा पैसा परत कधी मिळतो? अडीच वर्षांचा बुडालेला पगार १५ महिन्यांचा घरखर्च होतो, फी आणि टूल्सचे १२, म्हणजे खरी किंमत २७ (आकडा वरच्यासारखाच आलाय तो योगायोग, हिशोब वेगळा आहे). समजा पुढे तुम्हाला आजच्या ५ भागांऐवजी ७ भाग मिळायला लागले, तर वरचे २ भाग महिन्याला ०.२, आणि २७ वसूल व्हायला १३५ महिने, अकरा वर्षांच्या वर. निव्वळ गुंतवणूक म्हणून कुणी माझ्यासमोर हे आणलं असतं तर मी नको म्हटलं असतं. पण या हिशोबात आजचा पगार असाच टिकेल असं धरलंय, आणि तुम्हीच लिहिलंय की लॅबमधल्या चार टेबलांपैकी दोन रिकामी झालीत. उतरत्या कामाशी तुलना केली की अकरा वर्षांचे सात-आठ होऊ शकतात. म्हणून मी नाही म्हणत नाही, तयारीने जा म्हणते.

एका मशीनने खाल्लेल्या कामातून तुम्ही अशा कामात चाललाय जे एकदा मशीनने खाऊन झालंय, आणि हे मला तुमच्या बाजूचं वाटतं. २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे क्वार्ट्झचं, म्हणजे बॅटरीवर चालणारं, पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं, आणि स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमाराला जे साधारण ९०,००० लोक या धंद्यात होते ते १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ३०,००० च्या आसपास आले. तेव्हा कोण आईबाप मुलाला घड्याळ शिकायला पाठवणार? त्यामुळे मधल्या एका पिढीत शिकणारेच कमी झाले. मग चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळं महागाची, हौसेची वस्तू म्हणून परत आली, तिथली नोकऱ्यांची संख्या पुन्हा ६०,००० च्या वर गेली, पण सर्व्हिसिंग करणारे अनुभवी हात एका रात्रीत तयार होत नाहीत. आणि यांत्रिक घड्याळाला सर्व्हिसिंग चुकत नाही, आतलं तेल सुकतं, पसरतं, पिव्हट म्हणजे चाकांच्या आसांची टोकं झिजतात, ब्रँडप्रमाणे पाच ते दहा वर्षांत ते पूर्ण खोलून, धुऊन, नव्याने तेल देऊन बसवावं लागतं. विकलेलं प्रत्येक चांगलं घड्याळ म्हणजे पुढच्या अनेक वर्षांचं काम, ही या धंद्यातली पक्की बाजू.

कच्ची बाजू स्पेअर पार्ट्सची, आणि यावर तुमच्या मेलमध्ये एक ओळही नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. कित्येक मोठे ब्रँड आपले पार्ट्स कुणालाही विकत नाहीत. अधिकृत सर्व्हिस सेंटरला देतात, किंवा ज्याच्याकडे त्यांना मान्य असलेलं सर्टिफिकेट, ठराविक मशिनरी आणि तपासणी झालेलं वर्कशॉप आहे त्यालाच देतात. माझे एक क्लायंट घड्याळजी आहेत, हात अतिशय चांगला, पण त्यांचा दिवसातला बराच वेळ बेंचवर जात नाही, एखादं मेनस्प्रिंग (घड्याळाला ताकद देणारी मुख्य स्प्रिंग) नाहीतर क्राउन (चावी द्यायचं बटण) शोधण्यात जातो, जुन्या बंद मूव्हमेंट, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रणा, विकत घेऊन त्यातून पार्ट काढण्यात जातो, आणि त्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. त्यांनी काम उत्तम शिकलंय पण ब्रँड ओळखतील असा कागद त्यांच्याकडे नाही. म्हणून शाळेला पहिला प्रश्न हा विचारा की कोर्सनंतरचं सर्टिफिकेट कोणाचं आणि ते दाखवून आधीच्या मुलांना कुठे पार्ट्सचं अकाउंट मिळालंय किंवा कुठल्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी लागलीये. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलची वोस्टेप ही संस्था १९६६ पासून घड्याळजी घडवतेय, तिचा लांबचा कोर्स ३,००० तासांचा आहे आणि तिचं नाव या धंद्यात सगळीकडे चालतं. तुमच्या शाळेचं सर्टिफिकेट त्या तोडीचं नसेल तर ९ महिन्यांची फी मला जास्त वाटते. बेंचवर प्रत्यक्ष किती तास मिळतात तेही विचारा, वर्गात बसायचे तास वेगळे.

फी न घेणाऱ्या शाळांबद्दल विचारलंय. आहेत. रोलेक्सने २००१ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झला जी शाळा काढली तिथे ट्यूशन फी नाही, टूल्स आणि राहण्या-खाण्याचा खर्च विद्यार्थ्याचा. पण तुमच्या बाबतीत गणित असं आहे की ९ महिन्यांची फी २४ महिन्यांत वाटली तर महिन्याला घरखर्चाच्या साडेसदतीस टक्के होते. दुसरीकडे खोली घेऊन राहण्याचा तुमचा खर्च याच्या वर गेला, आणि तो जाणारच, तर ती शाळा तुम्हाला जवळच्या फीवाल्या शाळेपेक्षा महाग पडेल. शिवाय सीट्स मोजक्याच असतात. अर्ज करायला हरकत नाही, पण त्यावर प्लॅन उभा करू नका.

टूल्स. इथे लोक हमखास चुकतात आणि उत्साहात चुकतात. शाळेच्या यादीत लेथ दिसला की घरी स्वतःचा लेथ, क्लीनिंग मशीन, टाइमग्राफर (घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) सगळं हप्त्यावर घ्यावंसं वाटतं. नका घेऊ. पहिले काही महिने कानस चालवण्यात जातात, पितळ आणि स्टीलचे तुकडे घासून चौरस करायचे, स्वतःची छोटी हत्यारं बनवायची, मग लेथवरचं टर्निंग, बॅलन्स स्टाफ, म्हणजे घड्याळातल्या डोलत्या चाकाचा आस, ज्याचा पिव्हट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. त्यासाठी शाळेचा लेथ आहेच. तुम्ही चिमटे, स्क्रूड्रायव्हर, लूप (डोळ्याला लावायचं भिंग) आणि तेलाच्या सुया मात्र चांगल्यातल्या घ्या, रोज आठ तास हातात असणार आहेत. बाकी सेकंड हँड, आणि ते पण शिकवणाऱ्यांना दाखवून.

तुमचा हात बसेल का, ही भीती मला तुमच्या बाबतीत कमी वाटते. १२ वर्षं लूप लावून मेण कोरलंय, पोर्सिलेनचे थर दिलेत, मिलिमीटरच्या भागांत विचार करायची सवय आहे. तरी स्टील वेगळं आणि हेअरस्प्रिंग, म्हणजे डोलत्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग, तर फारच वेगळी, एकदा वाकली की सरळ करताना माणसाचा जीव जातो. त्यामुळे या वर्षात एक काम करा, वीकेंडचा छोटा कोर्स करा जिथे युनिटास ६४९७ सारखी मोठी मूव्हमेंट उघडून परत जोडायला देतात, ३६.६ मिलिमीटर व्यासाची, मुळात पॉकेट वॉचसाठी बनलेली, कित्येक शाळा यावरच शिकवतात. एकदा जोडून चालू झाली म्हणून खूश होऊ नका, तीच पाच-सहा वेळा उघडा. सहाव्यांदाही बसावंसं वाटलं तर तो पैसा योग्य ठिकाणी जातोय. चौथ्यांदाच कंटाळा आला तर फीच्या मानाने अगदी थोड्या पैशात हे समजलं.

आणि मेलच्या शेवटी तुम्ही लिहिलेलं, पुढे स्वतःच्या नावाचं घड्याळ काढायचं, ते वाचून मला खरंच बरं वाटलं. फक्त त्याचा काळ नीट धरा. कारी व्हुटिलाइनेन, आज ज्यांच्या घड्याळांसाठी लोक थांबून राहतात, ते १९८० च्या दशकात फिनलंडच्या घड्याळशाळेत शिकले, मग स्वित्झर्लंडला गेले, जवळपास दहा वर्षं जुन्या घड्याळांचं रिस्टोरेशन केलं, वोस्टेपमध्ये शिकवलं, आणि २००२ मध्ये स्वतःचं काम सुरू केलं. इतकी वर्षं पगार घेत घेत. तुमच्या प्लॅनमध्ये कोर्सनंतर लगेच वर्कशॉप आहे, तो भाग काढून टाका. आधी तीन-चार वर्षं सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी, जिथे रोज वेगवेगळ्या मूव्हमेंट हातात येतात आणि बिघडलेल्या कामाचा खर्च तुमच्या खिशातून जात नाही.

आता यंदाचं वर्ष. पगारातले २ भाग आधीसारखेच बाजूला टाका, १२ महिन्यांत २.४ जमतील, एफडीचं व्याज महागाईत जाईल असं धरून मी ते मोजतच नाही. २२ चे २४.४ झाले. लॅबच्या मालकांशी आत्ताच बोला, १२ वर्षांच्या माणसाला ते सहज सोडणार नाहीत, शनिवारी पीस रेटवर काम मिळालं आणि त्यातून महिन्याला घरखर्चाचा दहावा भाग जरी आला तरी शाळेच्या २४ महिन्यांत आणखी २.४ येतात, म्हणजे २६.८. उरलेले ०.२ सेकंड हँड टूल्समध्ये सुटतील. म्युच्युअल फंडातले पैसे मात्र दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी ठेवणार असाल तर फी भरायच्या आठवड्यात बाजार कसा असेल यावर सोडू नका, वर्षभर आधी काढून एफडीत टाका.

लोन टूल्ससाठी तर नकोच. फीसाठी घ्यावंच लागलं तर फक्त दुसऱ्या वर्षाच्या फीच्या एका हिश्श्यासाठी घ्या, कारण पूर्ण फीचं लोन काढलं तर शिकतानाही व्याज चढत राहतं आणि हप्ता नेमका तेव्हा सुरू होतो जेव्हा नवीन नोकरीतला पगार सगळ्यात कमी असतो. रिटायरमेंट फंडातले १० महिने आज काढले तर साठीला ते दहा नसतील, कितीतरी जास्त झालेले असतील, आणि घड्याळकामात डोळे आणि हात यांच्यावर सगळं असताना म्हातारपणाचा पैसा तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागणार आहे.

एक गोष्ट या आठवड्यातच करा. शाळेला लेखी विचारा की मिळालेली सीट एक वर्ष पुढे ढकलता येईल का, आणि भरलेलं डिपॉझिट परत मिळतं का पुढच्या बॅचला धरलं जातं. हो म्हणाले तर वरचा सगळा प्लॅन तसाच चालवा. नाही म्हणाले तर मला ते उत्तर आणि डिपॉझिटचा आकडा पाठवा, मग आपण कॉलवर बोलू, आणि मिस्टरांनाही त्या कॉलला बसवा, दोन वर्षं ७ भाग त्यांच्या खांद्यावर असणार आहेत तर उरलेल्या ३ भागांचा कागद त्यांच्याही समोर मांडायला हवा.