बाटलीतलं मसाला दूध किती वेळ उकळायचं?

प्रश्न : आमचा खानापूर तालुक्यात बचत गट आहे, मसाला दूध बाटलीत भरून विकायलोय. सीलबंद बाटल्या पातेल्यात अर्धा तास खळाखळा उकळतो, तरी फ्रिजबाहेर ठेवल्या की चार-पाच दिवसात काही फाटतात, वास मारतात. लॅबवाले म्हणाले डी व्हॅल्यू बघा. म्हणजे काय ओ, आणि अजून किती उकळायचं?

उत्तर : ताई, वेळ वाढवून हे सुटणार नाही, आणि फ्रिजबाहेरची विक्री आजच थांबवा.

जंतू एकदम मरत नाहीत. एका ठरलेल्या तापमानाला शंभरातले नव्वद मरायला लागणारा वेळ म्हणजे डी व्हॅल्यू. समजा ती 2 मिनिटं आहे आणि एका मिलीत 10 लाख जंतू आहेत, तर 2 मिनिटांनी 1 लाख उरतात, 4 मिनिटांनी 10 हजार, असं करत एकावर यायला 12 मिनिटं जातात. दूध स्वच्छ काढलेलं असून हजारच असतील तर 6 मिनिटांत काम होतं, म्हणजे गोठ्यातली स्वच्छता पण ह्याच हिशोबात आली.

डी व्हॅल्यू काढताना लॅबला जंतू मोजून तुमच्याच मसाला दुधात घालायला सांगा, साध्या पाण्यात नको, कारण फॅट आणि साखर जंतूला सांभाळून घेते. ते दूध अगदी बारीक काचेच्या नळ्यांत सील करून गरम तेलात बुडवतात, जाड नळी असली तर आतलं तापेपर्यंतच वेळ जातो आणि आकडा चुकतो. ठरावीक वेळेला एकेक नळी काढली की लगेच बर्फात, मग प्लेटवर वाढवून उरलेले मोजायचे आणि लॉग ग्राफ, म्हणजे दर घराला दहापट धरलेला आलेख, काढायचा; त्यात जंतू एक घर उतरायला लागलेला वेळ म्हणजे डी.

आता तुमचं दुखणं बीजाणूंचं आहे, म्हणजे जंतूचं कडक कवचातलं, उकळूनही टिकणारं रूप. बोटुलिनम नावाच्या विष बनवणाऱ्या जंतूच्या बीजाणूची डी व्हॅल्यू 121 अंशाला 0.21 मिनिट धरतात, आणि तापमान 10 अंशानं उतरलं की ती दहापट होते. आपल्याकडं उंचीमुळं पाणी 98 च्या आसपासच उकळतं, तिथं हीच डी पाऊण तासाच्या घरात जाते! सुरक्षेसाठी अशा 12 डी लागतात, म्हणजे आठ-नऊ तास. दूध आंबट नाही, बाटलीत हवा नाही, हा जंतू वाढायला अजून काय पाहिजे? त्याचं विष माणसाला लुळं करतं, जीवही घेतं, आणि दुधाला वास येईलच असं नाही, म्हणून मला फाटलेल्या बाटलीपेक्षा चांगली दिसणाऱ्या बाटलीची जास्त भीती वाटते.

फ्रिजबाहेर विकायचं तर प्रेशरचं रिटॉर्ट मशीनच (मोठ्या कुकरसारखं) पाहिजे, 121 अंशाला बाटलीच्या मधोमध किमान 3 मिनिटं, आणि ते बाटलीत घालायच्या तापमापक प्रोबनं तपासून घ्या. तोवर पाश्चराइझ करून लगेच थंड करा, फ्रिजमध्येच ठेवून थोड्या दिवसांत विका.