हळदीच्या कॅप्सूल, खवट दाणे आणि मशेरी : कॅन्सर टाळण्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रोज सकाळी हळदीची कॅप्सूल आणि आवळ्याचा रस घेतो. कॅन्सर होऊ नये म्हणून आणखी काय सुरू करू? (पुणे)

आणखी काहीच नको, उलट कॅप्सूल बंद करा. ‘काय खाऊ’ असं सगळेच विचारतात, ‘काय सोडू’ असं क्वचितच कुणी. कॅन्सरच्या बाबतीत मात्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त पक्कं आहे : तंबाखू, सुपारी, दारू आणि सुटलेलं पोट. भाजी-आमटीत पडते ती हळद बिनधास्त खा. कॅप्सूलमध्ये मात्र तिचा अर्क असतो आणि तो अंगात जास्त शोषला जावा म्हणून बऱ्याचदा मिरीचा अर्कही घालतात. अशा गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गाजरात असतं ते बीटा कॅरोटिन फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवरच्या चाचणीत गोळीच्या रूपात तपासलं गेलं. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी नव्हे, १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खा, गोळी नको.

प्रश्न : आमच्याकडे दाण्याचं कूट रोज लागतं. बुरशी लागलेल्या दाण्यांनी कॅन्सर होतो म्हणतात. भाजले की चालतात ना? (सांगली)

नाही चालत. शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणारी एक पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि त्याने यकृताचा कॅन्सर होतो, हे पक्कं ठरलेलं आहे. भाजल्याने बुरशी मरते, विष थोडं कमी होतं, पण उरतंच. एखादा कडू दाणा तोंडात आला म्हणून घाबरू नका. धोका आहे तो वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जाण्याचा.

बुरशी कधी शेतातच लागते, विशेषतः शेंग भरताना पावसाने ओढ दिली तर. उरलेलं काम साठवणीतली ओल करते. घरच्या शेंगा असतील तर हलवल्यावर आत दाणा खुळखुळेपर्यंत वाळवा. दाण्यातला ओलावा ७-८ टक्क्यांवर आला पाहिजे. पोतं थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळी घाला.

विकतचे असतील तर कूट न घेता अख्खे दाणे घ्या, कारण कुटात काय दळलंय ते दिसत नाही. ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, फुटके आणि बुरशीचे दाणे वेचून टाका. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, मूठभर खराब दाण्यांतच बरंचसं असतं, म्हणून या निवडण्याचा खरोखर उपयोग होतो. भाजून पूर्ण गार झाल्यावर कूट करा. गरम कूट डब्यात भरलं की झाकणाला वाफ धरते. एका वेळी आठवड्यापुरतंच करा आणि पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा.

वेचलेले दाणे किंवा बुरशीची पेंड गाईम्हशींना घालू नका. त्या विषाचं एक रूप दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही.

हिपॅटायटिस-बी (विषाणूमुळे यकृताला होणारा आजार) असलेल्यांना हेच विष कितीतरी पटींनी घातक ठरतं. घरात कुणाला तो आजार असेल तर इतरांची रक्ततपासणी करून घ्या. लागण नसेल त्यांना लस द्या : आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी, असे तीन डोस.

प्रश्न : सासूबाई चाळीस वर्षं मशेरी लावतात. सोडली की पोट साफ होत नाही म्हणतात. मिस्टर फक्त सुपारी खातात, तंबाखू नाही. त्यांनाही धोका आहे का? (चिपळूण)

आधी मिस्टरांचं. ‘फक्त सुपारी’ हे पांघरूण फार घरांत आहे. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे. त्याआधी बहुधा तोंड आखडतं : तिखट खाल्लं की आग होते, गाल आतून पांढुरके आणि ताठ होतात, आ पूर्ण वासता येत नाही. तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये जातात का पाहा. जात नसतील तर याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा. आखडलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही, पण सुपारी थांबवली तर पुढचं बरंच टळतं. लग्नातली गोड सुपारी मुलांच्या हातात देणंही थांबवा. बडीशेप, ओवा, भाजलेले तीळ आहेतच.

मशेरी म्हणजे भाजून काळा केलेला तंबाखू. भाजल्याने तो सौम्य होत नाही. सासूबाई पोटाचं सांगतात ते खोटं नाही. निकोटिनने आतडी हलतात, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं. म्हणून सोडण्याच्या आधीच आठवडाभर रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून द्या, वर दिवसभर भरपूर पाणी. मधुमेहाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवा. तलफ पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वांत जोराची असते, एकेक झटका काही मिनिटांत ओसरतो. मशेरीची डबी घरातून हलवा आणि सकाळी उठल्याउठल्या हातात ब्रश द्या, कारण ही सवय बोटाला लागलेली असते. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे.

दोघांचंही तोंड महिन्यातून एकदा उजेडात बघा : गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांवर. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली की डॉक्टर. मशेरी सुटली तरी हे चालू ठेवा.

प्रश्न : फुलका थेट गॅसवर फुगवला की कॅन्सर होतो का? आणि तळणीचं तेल? (नाशिक)

फुलका फुगवा. जळके डाग खरवडून टाका, विषय संपला. तेलाचं मात्र ऐका. एकदा तळलेलं तेल गाळून घ्या आणि दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळायला नको. कढईत फेस यायला लागला, तेल चिकट झालं, आधीपेक्षा लवकर धुरायला लागलं, की ते फेका. तळताना खिडकी उघडी ठेवा, कारण तो धूरही फुप्फुसाला वाईट. घरात चूल असेल तर फुलक्याची चिंता सोडून आधी तिच्या धुराचं बघा.

प्रश्न : वजन ‘थोडंसंच’ जास्त आहे. त्याचा कॅन्सरशी खरंच संबंध? (ठाणे)

आहे, किमान १३ प्रकारच्या कॅन्सरशी. पाळी गेल्यानंतर चरबीच इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) बनवते, म्हणून स्तन आणि गर्भाशयाचा धोका वाढतो. काट्यापेक्षा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या, पुरुषाचा ९०च्या वर असेल तर ‘थोडंसं’ म्हणू नका.

ताटात बदल एकच करा : भाजी वाढवा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या शिफारशीत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. आपल्याकडे ताटाच्या कडेला डावभर भाजी असते आणि तीही बऱ्याचदा बटाट्याची. बटाटा यात धरायचा नाही. एक पोळी कमी, एक वाटी पालेभाजी आणि एक वाटी कोशिंबीर जास्त. जेवणानंतरची शतपावली चांगलीच, पण आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं वेगळं हवं.

प्रश्न : रेड वाइन हृदयाला चांगली म्हणतात, मग एखादा ग्लास? (बेळगाव)

कॅन्सरच्या हिशेबात वाइन, बिअर, व्हिस्की सगळं एकच. अल्कोहोलचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन, इतक्या ठिकाणी धोका वाढतो. स्तनाच्या बाबतीत तर रोजच्या एका ग्लासानेही. पीत नसाल तर हृदयासाठी सुरू करू नका. पीत असाल तर कमी करा, आणि त्याबरोबर सिगारेट ओढत असाल तर दोन्हींचे धोके नुसते बेरजेत जात नाहीत, गुणाकारात जातात.