एप्रिलमध्ये सगळेच बोलावतात

गेल्या अंकात एका आर्मेनियन कवयित्रीच्या काव्यवाचनाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. पानावर जागा उरली होती म्हणून लिहिल्या, खरं सांगते. त्यावर अकरा पत्रं आली. एवढी तर माझ्या एखाद्या अख्ख्या लेखालाही कधी आली नव्हती. त्या पत्रांतल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. मी बॉस्टनला लागून असलेल्या वॉटरटाउनमध्ये राहते. गाव लहान, पण आर्मेनियन वस्ती जुनी. माउंट ऑबर्न रस्त्यावर त्यांच्या बेकऱ्या आहेत, गावात त्यांचं म्युझियम आहे. इथल्या एका वाचनालयात काव्यवाचनं ठरवण्याचं काम मी हौसेनं करते. ज्यांच्याविषयी लिहिलं त्या बाई सत्तरीच्या आहेत. जन्म बैरूतला खेटून असलेल्या बुर्ज हम्मूद या आर्मेनियन वस्तीतला. लेबनॉनमध्ये यादवी पेटली तेव्हा घरच्यांबरोबर इकडे आल्या. नाव त्यांना न विचारता छापणार नाही.

प्रश्न : तुम्हाला आर्मेनियन येत नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग तासभर बसून ऐकता तरी काय? भाषांतर घरी वाचता येत नाही का?

येतं की. मीही वाचते. पण घरी वाचताना शब्दावरचा जोर ऐकू येत नाही. आर्मेनियन शब्दाचा जोर बहुतेक वेळा शेवटच्या अक्षरावर पडतो. दहा मिनिटं ऐकलं की कानाला ते समजतं. अर्थ कळत नसला तरी शब्द कुठे संपला ते कळायला लागतं, आणि मग ओळ कुठे मोडली तेही. बाई एका ठिकाणी शब्द संपायच्या आतच श्वास घेतात. पहिल्यांदा मला वाटलं, धाप लागली. दुसऱ्या वाचनाला पुन्हा तिथेच.

मग त्यांनी मला कागद दाखवला. डावीकडे मूळ कविता, उजवीकडे इंग्रजी, दोन्ही भल्या मोठ्या टायपात, कारण वाचायचा चष्मा लावला की श्रोते दिसत नाहीत अशी त्यांची तक्रार. समासात पेन्सिलीच्या खुणा. मी एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, हा प्रश्न आहे ना, मग प्रश्नचिन्ह कुठे? त्यांनी ओळीच्या मधल्या एका शब्दावर नख टेकवलं. आर्मेनियन लिपीत प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी नसतं. ज्या शब्दावर प्रश्न आहे त्याच्या शेवटच्या स्वरावर एक छोटीशी वळलेली खूण असते. उद्गारचिन्हाचंही तसंच. आणि आपल्याला जे विसर्गासारखं दिसतं, ते दोन टिंबांचं चिन्ह म्हणजे त्यांचा पूर्णविराम. ‘तू काल घरी आलास?’ यात प्रश्न ‘तू’चा की ‘काल’चा, हे मराठीत वाचणाऱ्यानं ठरवायचं. तिथे लिपीच सांगते, आवाज इथे चढव.

आणखी एक. आमच्याकडे आधी अख्खी कविता मूळ भाषेत, मग अख्खी इंग्रजीत, असाच नियम आहे. एकदा उत्साहानं एक कडवं हे, एक कडवं ते असं करून पाहिलं. स्टेशनवरच्या घोषणा ऐकल्यासारखं झालं. आताच्या पद्धतीत एक गंमत होते. विनोदाची ओळ आली की आधी आर्मेनियन मंडळी हसतात आणि बाकीचे त्यांच्याकडे बघतात; दोन मिनिटांनी बाकीचे हसतात, तेव्हा आर्मेनियन मंडळी पुन्हा हसतात. एकाच विनोदाला दोनदा हशा मिळवणारे कवी मी फार पाहिलेले नाहीत.

प्रश्न : परदेशातल्या आर्मेनियन कवींच्या कार्यक्रमांची वर्णनं वाचली की प्रत्येक ठिकाणी १९१५ असतंच. शंभर वर्षं उलटून गेली. या लोकांना दुसरा विषय नाही का?

प्रश्न तिखट आहे, पण मी तो टाळणार नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे.

आधी तारीख. १९१५ म्हणजे उस्मानी साम्राज्यात, म्हणजे तेव्हाच्या तुर्कस्तानात, आर्मेनियन लोकांचा नरसंहार सुरू झाला ते वर्ष. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल), आर्मेनियन समाजातल्या नामवंतांची धरपकड सुरू झाली. लेखक, संपादक, शिक्षक, डॉक्टर, वकील असे दोनशेहून जास्त लोक उचलले गेले. त्यातले बहुतेक परतले नाहीत. दानिएल वारुझान आणि रुबेन सेवाक हे दोन कवी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मारले गेले. एखाद्या भाषेतले हयात कवी एका रात्रीत उचलून नेले, असं डोळ्यांपुढे आणून बघा. म्हणून जगभरचे आर्मेनियन २४ एप्रिलला जमतात आणि जमले की कविता वाचतात.

आता माझी चूक. बाईंना मी पहिल्यांदा बोलावलं ते एप्रिलमध्ये. पत्रकावर त्यांच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘नरसंहारातून वाचलेल्या आजीची नात’. कवितेबद्दल एक ओळ, तीही तळाशी. त्या आल्या, पत्रक वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. वाचन नीट झालं. शिलाई यंत्रावरची एक कविता वाचली, वांगी उन्हात वाळत घालण्यावरची एक वाचली, आजीवर एकच, तीही आठ ओळींची. नंतर एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं, “तुम्ही नरसंहारावर आणखी का नाही लिहिलंत?” बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्च्या आवरायला लागले.

गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “एप्रिलमध्ये सगळेच बोलावतात. ऑक्टोबरमध्ये तुमचं वाचनालय बंद असतं का?”

ऑक्टोबर का, ते मला मागाहून समजलं. आर्मेनियन चर्च ऑक्टोबरमध्ये पवित्र भाषांतरकारांचा सण पाळतं. मेस्रोप माश्टोत्सनं इसवी सन ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली आणि त्याच्या शिष्यांनी ग्रीक-सिरियाकमधून ग्रंथ आणले; हे सगळे त्यांच्याकडे संत. भाषांतर केल्याबद्दल संतपद! आमच्यातल्या काही अनुवादकांना हे कळवायला हवं. तर ऑक्टोबर हा तिकडे पुस्तकांचा, भाषेचा महिना. तेव्हा बोलावलेल्या कवीकडून कवितेचीच अपेक्षा असते.

म्हणजे मग एप्रिलची वाचनं नकोत का? तसं नाही. पण मारल्या गेलेल्या वारुझानचाच शेवटचा संग्रह घ्या. नाव ‘भाकरीचं गाणं’. पेरणी, कापणी, मळणी, चक्की यांच्या कविता. अटकेच्या वेळी हस्तलिखित जप्त झालं, ते पुढे सोडवून आणलं गेलं आणि १९२१ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर सहा वर्षांनी, छापलं गेलं. एप्रिलच्या सभेत त्याचं नाव शहीद म्हणून घेतात. त्याची गव्हावरची कविता मात्र मी त्या सभेत एकदाच ऐकली, तीही एका शाळकरी मुलीच्या तोंडून, पाठ केलेली.

विषय दुसरे आहेतच. ऐकायला बोलावणाऱ्यांचा विषय एकच असतो.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय काव्यमहोत्सवात कवी आपापल्या देशाचे म्हणून जातात. ज्यांचा देश कधी त्यांचा नव्हताच त्यांना कोण बोलावणार?

बोलावतात, पण कार्यक्रमपत्रिकेत कवीच्या नावाखाली देशाचा रकाना असतो, आणि खरी पंचाईत तिथेच होते. उत्तर मॅसिडोनियातल्या स्त्रुगा इथे १९६२ पासून मोठा महोत्सव भरतो, द्रीम नदीच्या पुलावर उभं राहून कवी वाचतात. रॉटरडॅमला १९७० पासून, कोलंबियातल्या मेदेयीनला १९९१ पासून. असल्या ठिकाणी मूळ भाषेतलं वाचन हाच मान असतो, त्यामुळे इंग्रजी न लिहिणाऱ्याला तिथे कमीपणा नाही. अडचण रकान्याचीच.

आमच्या बाई युरोपातल्या अशाच एका महोत्सवाला गेल्या. कुठल्या ते सांगत नाही. पत्रिकेत छापलं होतं, ‘आर्मेनिया’. आर्मेनियात त्यांनी पहिलं पाऊल टाकलं ते पन्नाशीनंतर. जेवणाच्या टेबलावर आर्मेनियाच्या राजधानीतले, येरेव्हानचे, एक कवी भेटले. दोघं आर्मेनियनच बोलत होते, आणि मधूनमधून एकमेकांना ‘काय म्हणालात?’ विचारत होते. कारण यांची पश्चिम आर्मेनियन, त्यांची पूर्व. एकच अक्षर पूर्वेकडे ‘ब’ होतं आणि पश्चिमेकडे ‘प’. तिकडचा तिग्रान तो इकडचा दिक्रान, तिकडचा ग्रिगोर तो इकडचा क्रिकोर. त्यांच्याच भाषेत कवीला म्हणतात ‘बानास्तेघ्त्स’, म्हणजे शब्द घडवणारा. हाच शब्द बाईंच्या तोंडी ‘पानास्देघ्द्झ’कडे झुकणारा ऐकू येतो. पूर्व आर्मेनियनमागे निदान एक प्रजासत्ताक उभं आहे. पश्चिम आर्मेनियन उस्मानी मुलखातून हाकलल्या गेलेल्यांची. तिला राज्य नाही, आणि युनेस्कोनं ती धोक्यातल्या भाषांच्या यादीत घातली आहे.

जे दुसऱ्या भाषेत लिहितात त्यांचं सोपं असतं असंही नाही. पीटर बालाकियन न्यू जर्सीत जन्मले, इंग्रजीत लिहितात, २०१६ चं पुलित्झर त्यांना मिळालं. रकान्यात ते अमेरिकन. इस्तंबूलमध्ये जन्मून पॅरिसला गेलेल्या एका लेखकानं तर दोन नावंच घेतली. आर्मेनियनमध्ये लिहायचं ते शाहान शाहनूर म्हणून, फ्रेंच कविता आर्मेन लुबँ म्हणून. आणि मिसाक मानुशियन, निर्वासित, कामगार, आर्मेनियनमध्ये कविता करणारा. फ्रान्समध्ये नाझींविरुद्ध लढताना पकडला गेला आणि २१ फेब्रुवारी १९४४ ला गोळ्या घातल्या गेल्या. त्याला फ्रान्सनं बरोबर ऐंशी वर्षांनी, २१ फेब्रुवारी २०२४ ला, पत्नी मेलिनेसह पँथिऑनमध्ये, म्हणजे देशाच्या थोरांच्या पॅरिसमधल्या समाधिस्थळी, नेलं. जिवंतपणी त्याला फ्रेंच नागरिकत्व मिळालेलं नव्हतं.

बाई आता देशाच्या रकान्यात ‘पश्चिम आर्मेनियन’ लिहितात. एका संयोजकानं फोन करून कळवलं की हा देश नाही. त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे.”

प्रश्न : श्रोते किती येतात? तिकीट असतं का? कवीला पैसे मिळतात?

आमच्याकडे तीसेक माणसं आली की मी खूश. तिकीट नाही. मानधन दोनशे डॉलर, त्यात त्यांचा निम्मा दिवस जातो. पुस्तकं दाराशी टेबलावर, विकली तर विकली. चर्चच्या सभागृहात शंभरावर माणसं जमतात आणि कॉफी-बक्लावा अर्थात उत्तम असतो, पण तिथे फर्माइश पाठ म्हणण्याची. लहानपणी शाळेच्या समारंभात उभं राहून कविता म्हटलेली ती मंडळी; कवी कागद बघून वाचतो हेच त्यांना पटत नाही. ओळ आवडली की “आब्रिस!” म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘जगावंस’, आपलं ‘औक्षवंत हो’ म्हणा. नंतर रांग लागते ती सहीसाठी नाही. पहिला प्रश्न असतो, “उर्देघात्सी एक?” कुठले तुम्ही? उत्तर बैरूत किंवा बॉस्टन द्यायचं नसतं. आजोबांचं उस्मानी मुलखातलं गाव सांगायचं: मराश, खारपेर्त, सेबास्तिया. मग त्या गावावर पंधरा मिनिटं, आणि मागे रांग खोळंबलेली.

प्रश्न : इंग्रजीवरून या कवितांचा मराठी अनुवाद करून आमच्या वाचक मंडळात वाचावा म्हणते. चालेल का?

चालेल, दोन अटींवर. कवीची परवानगी घ्या, आणि वाचण्याआधी ‘इंग्रजीवरून’ हा शब्द उच्चारा, खाली बारीक अक्षरात नको. तिसरी अट नाही, पण एक गोष्ट सांगते.

ऑक्टोबरात बाई पुन्हा आल्या. वांग्यांची तीच कविता. बुर्ज हम्मूदच्या घराबाहेर दोरीवर ओवलेली वांगी वाळताहेत, आणि आई तिथूनच समोरच्या बाईशी बोलते आहे. कवितेत त्या जागेला शब्द आहे ‘बालगोन’. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतले एक आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले, “बाद्श्काम्प!” म्हणजे शुद्ध आर्मेनियन मानला जाणारा शब्द तो. बालगोन बाहेरून आलेला, घरात बोलायचा, शाळेत मार खायचा. सगळे हसले. बाईंनी मान वर केली, आजोबांकडे बघितलं, आणि तीच ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली. “बालगोन,” जोर शेवटच्या अक्षरावर.

तुमच्या हातातल्या इंग्रजी भाषांतरात तिथे नुसतं बाल्कनी असेल. या भांडणाचा मागमूस त्यात नाही. तेव्हा कृपा करून सज्जा लिहू नका. गॅलरी लिहा.