अनुभूती 'घ्या' कशी?

फोंड्याहून विचारणा आली आहे: "योगशिबिराच्या फलकावर 'दोन दिवसांत साक्षात्काराची अनुभूती घ्या' असे वाचले. साक्षात्कार आणि अनुभूती एकच ना? मग दोन्ही शब्द कशाला? आणि गावच्या देवळात कुणाच्या अंगात देव येतो त्या 'अवसरा'ला यांतले काय म्हणावे?"

द्विरुक्ती एक वेळ चालेल. मला खुपते ते 'घ्या'. गोव्यात मांद्रेपासून पाळोळेपर्यंत फलकाफलकावर ते वाचून जीव विटला. नोकरीचा, प्रवासाचा अनुभव खुशाल घ्यावा. पण साक्षात्कार होतो, प्रचीती येते, अवसर येतो. या वाक्यांत माणूस 'मला' नाहीतर 'त्याला' होऊन बाजूला बसतो. कर्तेपण त्याच्याकडे नसतेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ साली गूढानुभवाची चार लक्षणे मांडली, त्यांतले एक हेच: त्या घडीला स्वतःची इच्छा जणू थांबलेली असते. आपली क्रियापदे हे कधीपासून सांगत आहेत.

आता अवसर. देवळाच्या चौकात एखाद्याचे अंग थरथरू लागते, लोक हात जोडून गाऱ्हाणे घालतात. हा शब्द 'आवेशा'चा गावंढळ अपभ्रंश आहे, असे सांगणारे विद्वान भेटतात. त्यांनी शेवटचा 'र' कुठल्या वाटेने आला ते एकदा दाखवावे! सरळ 'अव' अधिक 'सृ' आहे, खाली सरणे. 'अव' तोच, जो अवतारात आहे. 'संधी' हा अर्थ पुस्तकी मराठीने जपला. देव खाली सरकतो हा अर्थ गोव्याने आणि दक्षिण कोकणाने जपला, आणि माझ्या मते धातूशी जास्त इमान आपणच राखले.

पण खरी मौज साक्षात्कारात आहे. 'साक्षात्' म्हणजे डोळ्यांसमक्ष; त्यातून पाणिनीने 'साक्षी' सिद्ध केला (अष्टाध्यायी, सूत्र ५.२.९१). तिथे काशिकाकार, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील 'काशिका' या टीकेचे कर्ते, एक बारकावा सांगतात. पैशाचा व्यवहार होतो तेव्हा समक्ष पाहणारे तिघे असतात: देणारा, घेणारा आणि जवळ उभा असलेला. साक्षी मात्र तिसऱ्यालाच म्हणायचे. देणाराही नाही, घेणाराही नाही! साक्षात्काराच्या सख्ख्या भावंडाच्या व्याख्येतूनच देणेघेणे वगळलेले आहे, आणि आपण 'साक्षात्कार घ्या' म्हणून पावती फाडतो.

मग माणसाच्या हाती काहीच नाही का? आहे, आणि त्यालाही मराठीत नेमके क्रियापद आहे: बाणवणे. अनुभव येतो आपोआप, अंगी बाणवावा लागतो. इथे मात्र माणूस कर्ता होतो. उत्कट अनुभवाने माणसाची स्वतःकडे आणि जगाकडे पाहण्याची नजर पालटू शकते, असे मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लोने १९६४ च्या आपल्या पुस्तकाला १९७० मध्ये नवी प्रस्तावना जोडली. त्या क्षणांच्याच मागे धावणारा माणूस आत्ममग्न होतो, रोजच्या जगण्यातले पवित्रपण त्याला दिसेनासे होते, असे त्यात त्याने बजावले. अवसराने घुमलेला माणूस भार उतरल्यावर पाणी पितो आणि घरी जातो; बाणवायचे ते तिथून पुढे, शेजाऱ्याशी बोलताना, बांधाच्या भांडणात.

'अनुभूती' तेवढी राहिली. अनुभव कशाचाही, अनुभूती आतल्या गोष्टीची, एवढाच फरक. तीही येते किंवा होते.