कॉन्स्टंटाईनवर बोलताय? मग आधी मथळा बदला

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या एका वाचनालयात क्रिकेट शिकणारी मुलं आणि त्यांच्या पालकांपुढे वेस्ट इंडीजचा अष्टपैलू क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाईनवर २० मिनिटं बोलायचंय. मथळा ठरलाय ‘वेस्ट इंडीजचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार ते लॉर्ड’. चालेल का?

नाही चालणार. पत्रिका छापायला जाण्याआधी बदला, नाहीतर पहिल्याच रांगेतलं कोणीतरी तुम्हाला अडवेल. वेस्ट इंडीजचं कर्णधारपद कॉन्स्टंटाईनला रीतसर कधीच मिळालं नाही. कसोटीत तो मान आधी जॉर्ज हेडलीला मिळाला, तोही जानेवारी १९४८ मध्ये बार्बाडोसला, एका सामन्यापुरता. अख्ख्या मालिकेसाठी मिळाला तो फ्रँक वॉरेलला, १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात.

कॉन्स्टंटाईनकडे नेतृत्व आलं ते असं. १९३५ ला किंग्स्टनमध्ये कर्णधार जॅकी ग्रांटचा घोटा दुखावला, तेव्हा मैदानावर सूत्रं यानं हातात घेतली. वेस्ट इंडीजनं इंग्लंडला एक डाव आणि १६१ धावांनी हरवलं आणि पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली. मग ऑगस्ट १९४५, लंडनचं लॉर्ड्स मैदान. डोमिनियन्स (ब्रिटिश साम्राज्यातल्या इतर देशांच्या खेळाडूंच्या) संघाचा कर्णधार लिंडसे हॅसेट आजारी पडला आणि खेळाडूंनी कॉन्स्टंटाईनला पुढे केलं. बाकीचे दहाही गोरे, बहुतेक ऑस्ट्रेलियन. कीथ मिलरच्या १८५ धावा, इंग्लंडवर ४५ धावांनी विजय. क्रिकेटच्या भागात एवढं आणि वर १९२८ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या १,३८१ धावा, १०७ बळी सांगा, बास झालं. कसोटीची आकडेवारी (१८ सामने, ६३५ धावा, ५८ बळी) वाचून दाखवलीत तर मुलांना तो सुमार वाटेल, कारण त्याचा खरा खेळ इंग्लंडमधल्या लँकेशायर लीग या क्लब स्पर्धेत नेल्सन क्लबकडून झाला: नऊ हंगामांत सात विजेतेपदं.

वेळ द्यायचा तो हॉटेलच्या खटल्याला. जुलै १९४३. युद्धकाळात तो श्रम मंत्रालयात वेस्ट इंडियन कामगारांचा कल्याण अधिकारी होता. लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी बायको आणि मुलीला घेऊन लंडनला आला. रसेल स्क्वेअरच्या इम्पीरियल हॉटेलात चार रात्रींचं आरक्षण, दोन पौंड आगाऊ भरलेले. तिथे गेल्यावर ऐकवलं, एकच रात्र राहता येईल. कृष्णवर्णीय पाहुण्यावर अमेरिकन सैनिकांची हरकत येईल म्हणे. त्याच मालकाच्या दुसऱ्या हॉटेलात तो गेला आणि नंतर दावा लावला.

इथे बहुतेक वक्ते घसरतात. हा वर्णभेदविरोधी कायद्याखालचा विजय नव्हता, कारण तसा कायदाच नव्हता. आधार होता सराईवाल्याच्या जुन्या कर्तव्याचा: जागा आहे आणि सबळ कारण नाही, तर प्रवाशाला परत पाठवता येत नाही. दुसरीकडे सोय करून दिली म्हणून ते कर्तव्य सुटत नाही. जून १९४४ मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी निकाल त्याच्या बाजूनं दिला, भरपाई मात्र ५ गिनी, म्हणजे ५ पौंड ५ शिलिंग. रक्कम ऐकून सभागृहात कुणी हसलंच तर लगेच सांगा, आर्थिक नुकसान सिद्ध झालेलं नव्हतं, हक्क मोडला एवढंच पुरे ठरलं. वर्णभेदावरचा पहिला ब्रिटिश कायदा १९६५ चा. तो या निकालातूनच निघाला असं मात्र ठोकून देऊ नका.

आणखी एक गल्लत: खटल्याच्या वेळी तो वकील नव्हता. तरुणपणी त्रिनिदादमध्ये वकिलाच्या कचेरीत कारकुनी केलेली. बॅरिस्टर झाला १९५४ ला, पन्नाशी उलटल्यावर. १९५६ ला त्रिनिदादमधल्या तुनापुनातून निवडून येऊन मंत्री, १९६२ ला ‘सर’ किताब, स्वतंत्र त्रिनिदाद-टोबॅगोचा लंडनमधला पहिला उच्चायुक्त. १९६३ ला ब्रिस्टलच्या बस कंपनीनं कृष्णवर्णीयांना नोकरी नाकारली, तेव्हा तो उघड बोलला. यजमान देशाच्या कारभारात राजदूतानं बोलावं का, यावर टीका झाली आणि १९६४ ला त्यानं पद सोडलं. १९६९ ला हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा, पहिला कृष्णवर्णीय सदस्य, १९७१ ला निधन.

क्रिकेटला ७ मिनिटं, खटल्याला ९, उरलेली ४ राजकारणाला. मथळ्यात ‘कर्णधार’ हवाच असेल तर ‘लॉर्ड्सवरचा कर्णधार’ लिहा, ते खरं आहे.