अमेरिकेच्या महाविद्यालयीन महिला फुटबॉलमध्ये नॉर्थ कॅरोलिनाचेच नाव इतके का घेतले जाते?

एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची महिला फुटबॉल स्पर्धा 1982 मध्ये अवघ्या 12 संघांनिशी सुरू झाली आणि आज तिच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च, विभागात 64 संघ बाद पद्धतीने खेळतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने 1979 मध्येच, म्हणजे बहुतेक विद्यापीठांत मुलींचा संघही नव्हता तेव्हा, अॅन्सन डोरन्स यांच्या प्रशिक्षणाखाली संघ उभा केला, आणि हाच आरंभीचा लाभ निर्णायक ठरला, असे मला वाटते. 1986 ते 1994 अशी सलग नऊ विजेतेपदे त्यांनी मिळवली. पुढे अमेरिकेची विख्यात फुटबॉलपटू ठरलेली मिया हॅम याच काळातील खेळाडू. 2024 मध्ये डोरन्स निवृत्त झाले, तरी त्याच हंगामात वेक फॉरेस्टला 1-0 असे हरवून संघाने 22वे विजेतेपद पटकावले.