चपला कुठे काढायच्या?

प्रश्न : आईला घेऊन सिंगापूरला जातोय. जुनं चिनी देऊळ बघायचंय. चपला कुठे काढायच्या?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : काढायच्याच नाहीत! तेलोक आयर स्ट्रीटवरच्या थियान हॉक केंग देवळात मी सँडल काढायला वाकले, तर एका आजींनी खुणेनेच ‘राहू द्या’ म्हटलं. उंबरठा मात्र चांगला उंच आहे. त्यावर पाय न देता ओलांडायचा, आईंचा हात धरा. हे समुद्रदेवी माझूचं देऊळ, १८४२ साली पूर्ण झालेलं. तेव्हा समुद्र अगदी समोर होता. चीनहून सुखरूप पोचलेले लोक आधी इथे येऊन तिचे आभार मानत. पुढे भराव पडला, समुद्र लांब गेला. त्या आजींच्या उदबत्तीची राख बोटांवर पडत होती, तरी मिटलेले डोळे उघडले नाहीत. अशा वेळी फोटो नकोच.